सभा, रेकॉर्डिंग आणि बातमी: एकाच मोबाइलवर कुठवर ओढायचं?

तालुका_प्रतिनिधी

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दैनिकाचा वार्ताहर आहे. पगारावर नाही, मानधनावर. म्हणजे लॅपटॉप घ्यायचा तर तो माझ्याच खिशातून, म्हणून आधी इथे विचारतोय. सध्या माझं सगळं ऑफिस मोबाइलमध्ये आहे. फोन अँड्रॉइडचा, ६ जीबी रॅम. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्या कंपनीवरच घसरेल.

काम कसं चालतं ते सांगतो. समजा पंचायत समितीची सभा आहे. अकराची वेळ, सुरू होते बाराला. माझ्या फोनवर एकावेळी आवाजाचं रेकॉर्डिंग चालू, विषयपत्रिकेची पीडीएफ उघडी, नोट्सचं अ‍ॅप उघडं, आणि व्हॉट्सअ‍ॅप तर असतंच, कारण डेस्कवरून (म्हणजे दैनिकाच्या संपादकीय विभागातून) विचारणा येतच राहते: "दोन ओळी पाठवा, वेबला टाकतो." मधेच उठून फोटो काढायचा. वाद रंगला तर व्हिडिओ. ग्रामीण आवृत्ती लवकर सुटते, सहाच्या आत बातमी गेली नाही तर उद्याच्या अंकाचं नाव काढायचं नाही. म्हणून सभा चालू असतानाच बातमी निम्मी लिहून व्हावी अशी धडपड असते.

आता दुखणं ऐका. मागच्या सभेत टँकरच्या बिलांवरून एक सदस्य आणि अधिकारी यांची चांगलीच जुंपली. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं तर फाइल पूर्ण लांबीची, मिनिटं बरोबर, आणि नेमका तोच भाग मुका. खरखरसुद्धा नाही. त्याच्या पुढचं-मागचं सगळं स्वच्छ ऐकू येतं. अ‍ॅप बंद पडलं असतं तर फाइल तिथंच तुटली असती की नाही? हे काय गौडबंगाल आहे?

दुसरं, स्प्लिट स्क्रीन. वर पीडीएफ, खाली नोट्स असं लावतो. कीबोर्ड वर आला की नोट्सच्या दोन ओळी उरतात आणि पीडीएफची एक पट्टी. पानपट्टीच्या टपरीत बसून हिशेब लिहिल्यासारखं वाटतं.

तिसरं, फोटो काढून परत आलो की पीडीएफ पहिल्या पानावर. सतराव्या विषयावर चर्चा चालली आहे आणि मी आपला "सभेस उपस्थित राहावे ही विनंती" वाचत बसलोय.

चौथं किरकोळ आहे पण डोकं खातं. शासन निर्णयाच्या पीडीएफमधून दोन ओळी कॉपी केल्या तर नोट्समध्ये भलतीच अक्षरं उमटतात.

दुकानदार म्हणतो १२ जीबीचा घ्या, सगळं सुटेल. सेटिंगमध्ये "६ + ६" असं एक बटण होतं, ते चालू केलंय, काडीचा फरक नाही. तर नवा मोबाइल, टॅब की लॅपटॉप? का हे सगळं एकावेळी करायचंच नसतं?

---

नोकिया_अमर_रहे

पहिला प्रतिसाद माझा! तांत्रिक उत्तर जाणकार देतीलच, तोवर जरा अवांतर.

माझा नोकिया एन७० होता. मेनूचं बटण दाबून धरलं की चालू असलेल्या सगळ्या अ‍ॅपांची यादी समोर. गाणी चालू, मागे ब्राउझर, मधेच एसएमएस. हे आयफोन यायच्या आधीचं. २००७ साली आयफोन आला तेव्हा त्यात बाहेरची अ‍ॅप्सच नव्हती, आणि पुढे ती आली तरी अ‍ॅपमधून बाहेर पडलं की ते बंद. २०१० मध्ये आयओएस ४ (आयफोनची सिस्टिम) आलं तेव्हा कुठे मल्टिटास्किंग मिळालं, तेही आयफोन ३जीवाल्यांना नाहीच. आज तुम्ही अ‍ॅपच्या चौकटी वर भिरकावून देता ना, ती रीत २००९ च्या पाम प्री या फोनमधली. त्या टीमचा डिझाइनप्रमुख माटियास दुआर्ते २०१० मध्ये गूगलमध्ये गेला, आणि पुढे अँड्रॉइडमध्येही तशाच चौकटी दिसू लागल्या.

आता बारा-बारा जीबी देऊनही पीडीएफ पहिल्या पानावर जाते म्हणे. हलके घ्या.

---

हिंजवडीकर

धागाकर्ते, मी अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे तुमच्या शिव्यांतला निम्मा वाटा माझा. रेकॉर्डिंगपासून सुरू करतो, कारण खरी मेख तिथे आहे.

तुमचं अ‍ॅप बंद पडलं नव्हतं. त्याच्या हातातून माइक काढून घेतला होता. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, नियम असा आहे: दोन साध्या अ‍ॅपांनी एकाच वेळी माइक मागितला तर पडद्यावर जे समोर असेल त्याला आवाज मिळतो, दुसऱ्याला शांतता. दुसऱ्याला कोणी "थांब" म्हणत नाही. त्याला नुसते शून्याचे आकडे पुरवले जातात. त्याच्या दृष्टीने रेकॉर्डिंग झकास चाललंय, मिनिटं सरकताहेत, फाइल वाढते आहे. म्हणून खरखरसुद्धा नाही. सभागृहातला पंखा बंद केला तरी इतकी शांतता कधी होत नाही. फोन आला आणि उचलला तरी हेच: माइक कॉलचा, रेकॉर्डर मुका.

तेव्हा आठवून पाहा, ते भांडण चालू असताना तुम्ही डेस्कचा फोन घेतला होता का? की व्हिडिओ काढला होता? माझी पैज व्हिडिओवर. कॅमेरा समोर आला, माइक त्याच्याकडे गेला. कॅमेरा बंद केल्यावर रेकॉर्डरला परत मिळाला. तसं असेल तर तुमचा आवाज हरवलेला नाही, तो व्हिडिओच्या फाइलीत आहे. गॅलरी बघा.

हा नियम जाचक वाटेल, पण तो नसता तर एखादं टॉर्चचं अ‍ॅप तुमचे कॉल मागे बसून ऐकत राहिलं असतं. त्याच्या आधीच्या अँड्रॉइड ९ मध्ये मागच्या निष्क्रिय अ‍ॅपांचा माइक आणि कॅमेरा काढून घेतलाच होता. म्हणून चांगला रेकॉर्डर चालू असताना वर एक नोटिफिकेशन कायम ठेवतो. ती नोटिफिकेशन त्याचा परवाना आहे, ती नसेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका. फोन अँड्रॉइड १२ किंवा पुढचा असेल तर माइक वापरात असताना वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. मात्र ती कुणीतरी माइक वापरतंय एवढंच सांगते, कोण ते बघायला तिच्यावर टॅप करावं लागतं.

आता पीडीएफ. "अलीकडची अ‍ॅप्स" म्हणून जी चौकटींची रांग दिसते, त्यातली सगळी चालू नसतात. ती शेवटच्या वेळचे फोटो आहेत. मेमरी कमी पडली की सिस्टिम मागून एकेक अ‍ॅप उडवते: समोरचं शाबूत, नोटिफिकेशन लावून बसलेलं बहुधा शाबूत, नुसतं मागे पडून राहिलेलं पहिल्यांदा जातं. आणि कॅमेऱ्याइतकी मेमरी तुमच्या यादीतलं दुसरं काही खात नाही. म्हणून फोटो काढून आलात की पीडीएफ गेलेली. परत उघडताना त्याच पानावर नेण्याची सोय अँड्रॉइडने दिली आहे, ती वापरणं हे अ‍ॅपवाल्याचं काम. काही जण करतात, काही करत नाहीत (आमच्या ऑफिसातही या कामाला कोणी हौसेने हात लावत नाही). तेव्हा फोन नको, पीडीएफचं अ‍ॅप बदला. दुकानात जायच्या आधी फुकटातली दोन-तीन लावून बघा: पान ४० उघडा, कॅमेरा उघडा, एक व्हिडिओ काढा, परत या. जे पान ४० वर असेल ते ठेवा.

"६ + ६" बद्दल: ती पुढची ६ स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे. खऱ्या रॅमच्या मानाने फारच मंद. मागे पडलेलं एखादं अ‍ॅप तिच्यामुळे वाचेल, पण कॅमेरा, रेकॉर्डर आणि पीडीएफ यांच्या मारामारीत तिचा उपयोग नाही. १२ जीबी खरी असेल तर पीडीएफ सहसा मरणार नाही, हे दुकानदाराचं खरं आहे. पण माइक एकच राहणार. २४ जीबीचा घेतलात तरी एकच.

राहिली बॅटरी. फोनच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डरच्या बॅटरीवरचं बंधन काढून टाका. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन नुसता पडून राहिला की मागची कामं रोखून धरतो, आणि काही कंपन्या त्याच्यावर आपली जास्तीची कात्री चालवतात. आणि उठसूट सगळी अ‍ॅप्स वर सरकवून "साफ" करायची सवय असेल तर सोडा. २०१६ मध्ये आयफोनच्या एका गिऱ्हाईकाने अ‍ॅपलला मेल करून विचारलं होतं, असं केल्याने बॅटरी वाचते का. तिथलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या क्रेग फेडेरिगीने स्वतः उत्तर दिलं की नाही. अँड्रॉइडलाही तेच लागू. बंद केलेलं अ‍ॅप पहिल्यापासून उघडायला जास्त खर्च येतो.

---

शब्दपाटी

हिंजवडीकरांचा प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

मी ठाण्याची, खरेदीखतं, फेरफार, न्यायालयातली कागदपत्रं मराठीतून इंग्रजीत करते. काम पूर्ण आयपॅडवर चालतं, म्हणून टॅबबद्दल बोलते. आयपॅडला दोन अ‍ॅप्स शेजारी लावता येऊ लागली २०१५ मध्ये, आयओएस ९ बरोबर. त्याआधी माझ्या मांडीवर मूळ कागद आणि समोर आयपॅड असायचा. डावीकडे मूळ, उजवीकडे भाषांतर हे जमायला लागल्यापासून मान दुखायची थांबली.

पण दादा, एक फरक बघा. माझे दोन कागद शेजारी असले तरी काम एकच आहे. गट नंबर डावीकडे वाचला, उजवीकडे लिहिला. तुमचं तसं नाही. विषयपत्रिका आणि नोट्स एका कामाच्या, हे मान्य. व्हॉट्सअ‍ॅपवर डेस्कला उत्तर देणं हे वेगळंच काम, त्याची भाषा वेगळी, त्याची घाई वेगळी. ते शेजारी लावा नाहीतर वर-खाली लावा, डोक्यात ते एकमेकांच्या जागेवर बसतातच. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेचा २००९ मधला एक निबंध आहे. अर्धवट सोडलेल्या कामातलं लक्ष पुढच्या कामाला बसलो तरी काही काळ मागेच रेंगाळतं, आणि पुढचं काम त्यामुळे कच्चं होतं, असं तिने प्रयोगातून दाखवलं. मला प्रयोगाची गरज नव्हती. व्हॉट्सअ‍ॅप बघून आले की "लिहून देणार" (विकणारा) आणि "लिहून घेणार" (विकत घेणारा) यांची अदलाबदल होते. खरेदीखतात हे झालं तर काय होईल ते सांगायला नको.

२०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये तर मॅकसारख्या खिडक्या आल्या आहेत, पुष्कळ उघडा, लहान-मोठ्या करा. पहिल्या दिवशी मी हौसेने बऱ्याच उघडल्या आणि सकाळचा वेळ खिडक्या सरकवण्यात गेला. आता दोनच. आयफोनवर दोन अ‍ॅप्स शेजारी अजूनही लावता येत नाहीत, कोपऱ्यात व्हिडिओ तेवढा तरंगतो. आणि खरं सांगू, त्या आकाराच्या पडद्यावर ते नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

टॅब घ्यायचा तर कीबोर्डासकट घ्या. नाहीतर तुमची ती पट्टी थोडी रुंद होईल, एवढंच.

---

वाणसामान

आमचं किराणा दुकान आहे, त्यामुळे माझं मत बातमीबद्दल नाही, हातांबद्दल.

यूपीआय आलं तेव्हा पैसे आले की नाही हे बघायला प्रत्येक वेळी फोन उचलायचा. हात तेलाचे, पिठाचे. समोर गर्दी. गिऱ्हाईक त्याच्या फोनवरचा हिरवा पडदा दाखवून चाललं जायचं, खरा की खोटा देव जाणे. तोच फोन डिलरशी बोलायला, तोच उधारीच्या वहीला. मग आवाज देणारा डबा आला, "दोनशे रुपये प्राप्त झाले". डब्यात नवीन काही नाही, मेसेज फोनवरही येतच होता. पण डोळे आणि हात मोकळे झाले, नुसता कान लागतो.

तुमच्या चार कामांत कुठलं काम डोळ्याचं, कुठलं बोटाचं, कुठलं कानाचं, ते आधी मांडून बघा. बोटाची दोन कामं एका फोनवर एकावेळी होत नाहीत, हा माझा अनुभव. कानाचं एक आणि बोटाचं एक आरामात होतं.

---

जुना_ब्यूरो

वाणसामान यांच्याशी शंभर टक्के सहमत.

अहो तालुका प्रतिनिधी, मी तुमच्याच धंद्यात उभी हयात काढली आहे, आता निवृत्त. आम्ही बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचो, आणि जिल्ह्याच्या स्टँडवर ऑफिसचा पोऱ्या ते उतरवून घ्यायचा. पाच वाजताची गाडी चुकली की बातमी मेली. तेव्हा सहाची घाई तुम्हालाच आहे असं समजू नका. पण सभेत बसून बातमी आम्ही कधी लिहिली नाही. सभेत फक्त ऐकायचं आणि टिपायचं. लिहायचं चहाच्या टपरीवर.

तुम्ही सभेत बोटं चालवत बसता तेव्हा सभापतींच्या तोंडाकडे कोण बघतं? बांधकामाचा विषय निघाल्यावर कोण खाली मान घालून बसलं, मतदानाच्या वेळी कोण पाणी प्यायला बाहेर गेलं, ही बातमी रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

आता उपयोगाचं सांगतो.

घरात जुना फोन पडला असेल, काच फुटलेला का असेना. त्यातलं सिमकार्ड काढा, विमान मोड लावा, रेकॉर्डर चालू करून तो टेबलावर पुढे, माइकच्या स्पीकरजवळ ठेवा. सभापतींना आधी सांगून ठेवा म्हणजे पुढे कटकट नको. त्याला कॉल येणार नाही, त्याचा कॅमेरा तुम्ही उघडणार नाही, तेव्हा हिंजवडीकर म्हणतात ती माइकची मारामारीच नाही. हातातला फोन फोटो, व्हिडिओ आणि डेस्कला मोकळा.

विषयपत्रिका कागदावर मागा. ऑफिसात छापलेली असतेच, शिपायाशी दोन शब्द गोड बोललात तर मिळते. कागद पहिल्या पानावर आपोआप जात नाही.

त्या कागदाच्या समासात घड्याळाची वेळ लिहा. वाक्य नाही, वेळ. "१२:४० टँकर, सदस्य चिडले." "१:०५ शाळाखोल्या, उत्तर नाही." रेकॉर्डिंग कधी सुरू केलं ते वर लिहून ठेवा. घरी दोन तासांची फाइल ऐकत बसायला लागत नाही, हव्या त्या मिनिटावर जाता येतं. आमच्याकडे रेकॉर्डिंग नव्हतं म्हणून आम्ही वाक्यं लिहायचो. तुमच्याकडे आहे, मग वाक्यं कशाला लिहिता?

लॅपटॉपचे पैसे वाचवा.

---

तालुका_प्रतिनिधी

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

हिंजवडीकर, पैज जिंकलात. व्हिडिओच होता. रेकॉर्डिंगमधली मुकी जागा आणि गॅलरीतला व्हिडिओ समोरासमोर लावून बघितला, लांबी जुळली. अधिकाऱ्यांचं ते वाक्य, ज्यासाठी मी केस उपटत होतो, ते व्हिडिओत लख्ख ऐकू येतं. डेस्कला मी कापून तुकडा पाठवला होता म्हणून लक्षात आलं नाही, मूळ फाइल होतीच. पीडीएफची तुमची परीक्षाही घेतली. आधीचं अ‍ॅप नापास. दुसरं एक पास झालं, त्याचा चेहरामोहरा अगदीच जुनाट आहे, पण पान सोडत नाही.

जुना_ब्यूरो काका, नमस्कार. जुना फोन बहिणीच्या मुलाकडे गेम खेळायला होता, तो परत मिळवला (त्याबद्दल घरात वेगळी सभा झाली). बाजार समितीच्या सभेला टेबलावर ठेवला. आवाज सरळ, मुकी जागा कुठे नाही. समासातल्या वेळा तर फार कामाच्या. फाइल मिनिटावर नेली की वाक्य समोर. बातमी साडेपाचला गेली, आणि डेस्कवरून एकही शंका आली नाही, हे आमच्याकडे दुर्मीळ आहे.

पण काका, एका गोष्टीला माझा विरोध. "सभेत लिहायचंच नाही" हे तुमच्या काळी चालत होतं. तुमचं पाकीट पाचला गेलं की उद्या सकाळपर्यंत तुम्हाला कोण विचारत नव्हतं. मला वेबसाठी सभा चालू असतानाच दोन ओळी द्याव्या लागतात. मी नाही दिल्या तर शेजारी बसलेला यूट्यूब चॅनेलवाला देतो, आणि डेस्क मला त्याची लिंक पाठवून विचारतं, "आपल्याकडे का नाही?" तेव्हा मधला मार्ग असा काढलाय: विषय संपून दुसरा सुरू होताना जो गोंधळ असतो, तेवढ्यातच फोन हातात घ्यायचा. विषय चालू असताना नाही. डेस्कलाही तसं सांगून ठेवलंय. कुरकुर झाली, पण चालतंय.

शब्दपाटी ताई, तुमचं म्हणणं पटलं. स्प्लिट स्क्रीन मी सभेतून काढून टाकली. घरी बातमी लिहिताना मात्र लावतो: वर रेकॉर्डरचा प्ले-पॉज, खाली नोट्स. वरच्याला पट्टीच पुरते, त्याला वाचायचं काही नसतं. वाणसामान म्हणतात तसं, कान वर, बोटं खाली.

तेव्हा नवा फोन, टॅब, लॅपटॉप, सगळं तूर्त रद्द. फक्त दोन गोष्टी राहिल्या. शासन निर्णयाची ती भलती अक्षरं, आणि एक घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावा का? लांब बातमी अंगठ्याने लिहिताना अंगठा भरून येतो.

---

हिंजवडीकर

अक्षरांचं सांगतो. ती पीडीएफ ज्यातून बनली त्यात बहुधा युनिकोडच्या (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचा फाँट असतो. त्या फाँटात मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली असतात. पडद्यावर मराठी दिसतं, कॉपी केलं की खुर्चीचा नंबर तेवढा येतो. कधी फाँट युनिकोड असूनही पीडीएफ करताना घोळ होतो, वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडची तिकडे जातात. यावर भांडण्यात अर्थ नाही. त्या भागाचा स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये उघडा, मजकूर निवडा, कॉपी करा. देवनागरी बऱ्यापैकी ओळखते. आकडे मात्र डोळ्याने तपासा, विशेषतः रकमा आणि तारखा. ५ आणि ४ मध्ये ती कधीकधी गडबडते, आणि टँकरच्या बिलात ती गडबड परवडणारी नाही.

बोलून टाइप करायचंही बघा. गूगलने २०१७ मध्ये मराठी आणली, तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहे. फक्त सभेत नको, घरीच. आणि त्याच फोनवर रेकॉर्डिंग वाजवत असताना नको, ती सभापतींचंच बोलणं टाइप करत बसेल.

---

नोकिया_अमर_रहे

म्हणजे शेवटी उत्तर काय, तर दोन फोन. एन७० असता तर एकात भागलं असतं.

---

हिंजवडीकर

@नोकिया, त्यात पंचेचाळीस पानी पीडीएफ उघडून दाखवा, मग बोलू.

---

शब्दपाटी

कीबोर्डबद्दल मी सांगते, मी दोन बदलले आहेत.

ऑनलाइन मागवू नका. सोलापूरला गेलात की फोन बरोबर न्या आणि दुकानात जोडून बघा. मोबाइलच्या पडद्यावर तुम्ही इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवत असाल तर ती सोय बाहेरच्या कीबोर्डावर तशीच चालेल असं धरून चालू नका. इनस्क्रिप्ट (थेट देवनागरी अक्षरांची कीबोर्ड-मांडणी) येत असेल तर तुमचा मार्ग सोपा आहे, पण तरी फोनच्या सेटिंगमध्ये त्या कीबोर्डासाठी मराठी मांडणी निवडता येते का ते तिथेच पाहा. घडीच्या कीबोर्डात मधल्या बिजागरीपाशी काही बटणं अरुंद असतात, तुमची बोटं जाड असतील तर वैताग येईल. तिथे उभं राहून "दुसऱ्या सदस्यांच्या ज्ञापनाला अध्यक्षांनी उत्तर दिले" असं एक वाक्य टाइप करून बघा. "क्ष" आणि "ज्ञ" बहुतेक येतात. "ऱ्या"वर अडलं तर तो कीबोर्ड तिथेच ठेवून या.